खापरपणजोबांचा माग: मराठवाड्यात घराण्याचा इतिहास शोधायला निघालात तर

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटलं की माणूस पहिल्यांदा आडनाव हातात घेतो. मीही तेच केलं आणि दीड वर्ष घालवलं. एका लग्नात कुणीतरी आमच्या आडनावाची छापील वंशावळ दाखवली होती. वरच्या टोकाला सूर्यवंश, खालच्या टोकाला आमचे चुलते, आणि मधल्या सगळ्या पिढ्यांत ना एका गावाचं नाव, ना एका शेताचं. मी त्या कागदाचा नाद सोडला तेव्हा कुठे काम सुरू झालं.

मराठवाड्यात आडनाव शेवटी घ्यायचं. आधी गाव, मग शिवार, मग त्या शिवारातला आपला तुकडा. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत बहुतेकांना आडनावच नसतं. 'कोंडिबा वल्द मारोती, साकीन मौजे अमुक' एवढ्यावर नोंद संपते. हा कोंडिबा आपलाच, हे ठरतं ते जमिनीवरून, भावांच्या नावांवरून, वतनावरून.

आधी घरातली म्हातारी माणसं

'आपले पूर्वज कोण होते?' असं विचारलंत तर 'मोठे लोक होते' एवढंच उत्तर येईल. प्रश्न आडवळणाने विचारा. पित्राला कोणाकोणाची नावं घेतात? श्राद्धात बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांची नावं उच्चारतात. वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळी कोणती नावं घेतली जात, हे कुणाला आठवत असेल तर दोन पिढ्या फुकटात मिळाल्या. सुतक कोणाचं धरता? दहा दिवसांचं सुतक ज्यांचं धरता ती भावकी, मग त्यांचं आडनाव वेगळं का असेना. 'भावकी लागते' म्हणून कोणत्या गावाशी सोयरीक होत नाही? जावळ कुठे काढतात, लग्नात देवक कोणतं, नवरात्रात तुळजापूरला जातात की माहूरला, की येरमाळ्याच्या येडाईला? खंडोबा असेल तर अणदूरचा की माळेगावचा? कुलदैवतावरून गाव सापडत नाही, पण घराणं कोणत्या दिशेने आलं याचा अंदाज येतो.

बायकांना आधी विचारा. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या आत्यांना माहेरच्या गोष्टी भावांपेक्षा जास्त आठवतात. माझ्या चुलत आजीने एकच वाक्य सांगितलं होतं: "आपण हितले न्हाईत बाबा, दुष्काळात गंगेच्या पल्याडून आलोत." गंगा म्हणजे गोदावरी, हे मराठवाड्यात सांगावं लागत नाही. प्रश्न होता, कोणता दुष्काळ? जुन्या माणसांना इसवी सन आठवत नाही, संवत्सर कधीकधी आठवतं. १८७६ चा दुष्काळ धाता संवत्सरातला, शके १७९८. १८९९-१९०० चा विकारी संवत्सरातला, शके १८२१. त्यालाच विक्रम संवतावरून छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात. आजीच्या तोंडून 'इकारी साल' आल्यावर शोधायचा काळ पन्नास वर्षांवरून दोन वर्षांवर आला.

हे सगळं वहीत लिहा, आणि कोणी सांगितलं, कधी सांगितलं तेही लिहा. फोनवर आवाज ठेवलात तर उत्तमच.

एक खड्डा इथेच दाखवून ठेवतो. आपल्याकडे आजा वारला की त्याचं नाव नातवाला ठेवतात. त्यामुळे मारोती वल्द कोंडिबा, कोंडिबा वल्द मारोती, पुन्हा मारोती वल्द कोंडिबा अशी साखळी चालते आणि दोन पिढ्या गिळून टाकणं फार सोपं होतं. मी गिळल्या होत्या. एक माणूस ११० वर्षं जगतोय असं दिसायला लागल्यावर चूक कळली.

गाव तेव्हा कोणाच्या दप्तरात होतं?

कचेरीत जाण्याआधी हे ठरवा, नाहीतर चुकीच्या दारात उभे राहाल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि तेव्हा जिल्हे पाच होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. म्हणजे जालन्याचा जुना कागद औरंगाबादच्या किंवा परभणीच्या गठ्ठ्यात असू शकतो, हिंगोलीचा परभणीच्या. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबादेत. उलट मुधोळ, भैंसा हा भाग तेव्हा नांदेडमधून निघून आज तेलंगणात आहे.

नावंही बदललेली. अंबाजोगाई कागदोपत्री मोमिनाबाद, बीडचं भीर, आणि धाराशिव जिल्ह्याचं आधीचं नाव नळदुर्ग. नळदुर्गाकडच्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: १८५३ ते १८६० हा मुलूख इंग्रजांकडे होता, त्यामुळे त्या सात वर्षांचे कागद इंग्रजीतही असू शकतात.

शेवटचं म्हणजे गाव दिवाणीचं म्हणजे थेट सरकारी होतं, सर्फेखासचं होतं, की कोणा जहागीरदाराचं किंवा पायगाहचं, म्हणजे निजामाच्या बड्या सरदार घराण्याचं? सर्फेखास म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. जहागिरी १९४९ साली खालसा झाल्या, तोवर त्या गावांचं दप्तर जहागीरदाराच्या कारकुनाकडे असे आणि त्यातलं सगळंच सरकारजमा झालं असं नाही. गावातल्या पोलीस पाटलाच्या किंवा जुन्या पटवाऱ्याच्या घराण्याला विचारलंत तर हे एका बैठकीत कळतं. चहा घ्यावा लागतो, एवढंच.

सातबाऱ्यावरून मागे मागे

आता कागद. आजच्या सातबाऱ्यापासून सुरुवात करा. महाभूलेखवर तो घरबसल्या दिसतो. त्यावर फेरफार क्रमांक असतात. तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफारांच्या नकला काढा. वारसाचा फेरफार सोन्यासारखा: मयताचं नाव, मृत्यूची तारीख आणि सगळे वारस एका जागी. लेकींची नावंही त्यात असू शकतात, ती घरच्या वंशावळीत बहुधा नसतात.

गट नंबर मिळाला की त्याचा जुना सर्वे नंबर काढा. एकत्रीकरणात नंबर बदलले, आणि त्याआधीचे सगळे कागद सर्वे नंबरावर चालतात. हा नंबर पाठ करा. पुढच्या वाटेवर आडनावापेक्षा तोच तुमची ओळख.

मग खासरा पाहणी पत्रक, १९५४-५५ चं. मराठवाड्यात शोध घेणाऱ्यांचा हा खरा उंबरठा, कारण त्याच्या अलीकडचं बरंचसं मराठीत आणि पलीकडचं बरंचसं उर्दूत. खासऱ्यात 'कूळ' हा रकाना दिसला म्हणून हुरळू नका. ते जमीन कसणारं कूळ, तुमचं घराणं नव्हे. आमच्या एका पुतण्याने त्या रकान्यातलं नाव आपलं मूळ कूळ समजून भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं होतं. ते नाव दुसऱ्याच घराचं निघालं आणि दोन दिवस गट पेटला होता.

त्याच काळातलं १९५१ चं राष्ट्रीय नागरिक रजिस्टरही मागा. त्यात घरातल्या माणसांची नावं एकत्र असतात.

खासऱ्याच्या मागे पाहणी पत्रकं, शेतवार पत्रक (लोक 'सेतवार' म्हणतात), वसूल बाकी, पक्का बुक, क्लासर रजिस्टर. यातलं काही तहसीलमध्ये, काही तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली, तिथपर्यंत ही वाट जाऊ शकते. तुमचा माणूस १८५० च्या आसपास जन्मला असेल आणि त्याच्या नावावर जमीन असेल, तर तो इथे भेटण्याची आशा धरायला हरकत नाही.

मात्र नावावर जमीन असणं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. सरकारी सारा ज्याच्या नावाने भरला जाई तो पट्टेदार. बहुधा थोरला भाऊ. धाकटे शिकमीदार, म्हणजे त्याच्या पट्ट्यातले वाटेकरी, म्हणून लागले तर लागले, नाहीतर कागदावर नाहीतच. माझे खापरपणजोबा मला अजून कुठल्याच पट्ट्यावर सापडलेले नाहीत. सापडले ते त्यांचे थोरले भाऊ, आणि शेजारी बारीक अक्षरात शिकमी म्हणून हे. म्हणून एकट्या माणसाचा शोध घेऊ नका, चारही भावांची नावं घेऊन जा.

कचेरीतलं वागणंही सांगतो. तोंडी विचारलंत तर 'रेकॉर्ड नाही' हे उत्तर तयार असतं. मला एका कार्यालयात ते तीनदा मिळालं आणि चौथ्या वेळी त्याच कपाटातून गठ्ठा निघाला. लेखी नक्कल अर्ज करा. गाव, जुना तालुका, सर्वे नंबर, कागदाचा प्रकार आणि साल लिहा, कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. 'आमच्या घराण्याची सगळी माहिती द्यावी' असा अर्ज करू नका. त्याला कोणी हात लावत नाही.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली दप्तरं उपसली, तेव्हापासून एक सोय झाली आहे. सापडलेल्या नोंदींच्या प्रती गावनिहाय जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. तुमची जात कोणतीही असो, समितीने कोणकोणते कागद तपासले ती यादी एकदा वाचाच. महसुलाबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, कोतवालाची जन्ममृत्यूची वही म्हणजे गाव नमुना १४, दुय्यम निबंधकाकडची खरेदीखतं, दत्तकपत्रं, तुरुंगाची आणि गुन्ह्यांची रजिस्टरं, दारूच्या परवान्यांचे कागदही त्यात आहेत. कुणाचा पणजोबा कोणत्या वहीत बसलाय, सांगता येत नाही.

उर्दू, मोडी आणि हरवलेले नुक्ते

निजामाच्या कारभाराची भाषा आधी फारसी होती, १८८४ च्या सुमारास उर्दू आली. गावपातळीवर कुलकर्णी-पटवारी मोडीत लिहीत. तेव्हा दोन वाचणारे हवेत. मोडीचे वर्ग पुराभिलेख संचालनालय घेतं, आणि चिकाटी असेल तर सरावाने अक्षर लागतं. उर्दूसाठी तालुक्यातल्या निवृत्त उर्दू शिक्षकाला गाठा, पण आधी विचारा की घसटी, शिकस्ता लिपी वाचता येते का. छापील उर्दू वाचणारा तिथे अडतो. आकडे तर सियाक पद्धतीने लिहिलेले असतात, ते आकडे आहेत हेच आधी कळत नाही.

वाचणारा चांगला असला तरी नावं फसवतात. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे शिंदे, शंदे, शुंदे सारखेच दिसू शकतात. ळ आणि ण ही अक्षरंच नाहीत. काळे 'काले' होतात, गणपत 'गनपत'. घाईच्या अक्षरात नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, गळले की पवार की तवार ते वाचणाऱ्याच्या मर्जीवर. एका नकलेत आमचं गावच दुसऱ्या तालुक्यातलं वाटलं होतं. म्हणून भाषांतर करून घेताना 'नाव काय वाटतं?' एवढंच विचारू नका. शक्य असलेली सगळी वाचनं लिहून घ्या आणि सर्वे नंबराशी ताडून बघा. आपल्याला हवं ते आडनाव आधी सांगून वाचायला बसवलंत, तर भला माणूस तेच वाचून दाखवील.

वल्द किंवा बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. बायकांपुढे जवजे किंवा भ्रतार आलं तर पुढचं नाव नवऱ्याचं, बेवा आलं तर ती विधवा. साकीन म्हणजे राहणार, कौम म्हणजे जात. हे सात शब्द ओळखता आले की अर्धा कागद उलगडतो.

सनांचा गुंता मात्र शांतपणे सोडवा. निजामी कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. पुढच्या काळात फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबरला ५९० आणि जानेवारीपासून ५९१. फसली १३०९ म्हणजे १८९९-१९००, तेच दुष्काळाचं साल. शकात ७८ मिळवायचे, हे पंचांग बघणाऱ्याला माहीत असतं. जुन्या मोडी कागदावर सुहूर सन असेल तर तो अरबी शब्दांत लिहितात: 'सलास अशर मयातैन व अलफ', म्हणजे तीन, दहा, दोनशे आणि हजार, १२१३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा. हा झाला १८१२-१३. फसली आणि सुहूर यांची गल्लत केलीत तर नऊ वर्षांची चूक होते. नऊ वर्षांच्या चुकीत बापाचं लेकरू होतं.

वतन किंवा इनाम असेल तर

ज्या घरात पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देवाचं किंवा दर्ग्याचं इनाम, हाडकी-हाडोळ्याची महारकी किंवा इतर बलुता इनाम होतं, त्यांचं नशीब बरं. इनाम पुढच्या पिढीच्या नावे करायचं तर विरासतीची चौकशी होई. अतियात म्हणजे इनामांच्या खात्याच्या निकालाचा कागद म्हणजे मुन्तखब, आणि त्या प्रकरणात शजरा जोडलेला असू शकतो. शजरा म्हणजे वंशवृक्ष, तोही सरकारी शिक्क्याचा. फक्त लक्षात ठेवा, हा शजरा हक्क सांगण्यासाठी केलेला असतो. ज्याला वाटा द्यायचा नाही त्याची फांदी गाळलेली असू शकते. दत्तक घेतलेला मुलगा पोटचा म्हणून मांडलेला असू शकतो.

याहून जुन्या भांडणांत महजर, म्हणजे गावसभेचे निवाडे, आणि करीने सापडतात. करीन्यात घराण्याची हकीकत पिढीवार सांगितलेली असते. महजराखाली गावकऱ्यांच्या निशाण्या असतात: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचा वाकस. ज्यांना जमीन नव्हती अशा घरांचं नाव एखाद्या वेळी तिथेच, साक्षीदार म्हणून येतं. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांवर मोगलाई म्हणजे निजाम आणि मराठे असा दुहेरी अंमल होता, म्हणून पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर परकं समजू नका. निजामी कागदांचा मोठा साठा हैदराबादला तारनाक्यात तेलंगणा राज्य पुराभिलेखागारात आहे. छत्रपती संभाजीनगरलाही पुराभिलेख कार्यालय आहे, पहिला फेरा तिथेच मारा. परगणा, गाव आणि इनामाचा प्रकार हातात असल्याशिवाय हैदराबादची गाडी धरू नका. तिथे 'आमचं आडनाव बघा' म्हणणाऱ्याला कोणी रुमाल, म्हणजे दप्तराचा गठ्ठा, सोडून दाखवत नाही.

जमीन नव्हती त्यांनी

शाळेचं रजिस्टर, तुरुंगाचं रजिस्टर, कोतवालाची वही हे वर आलंच. हिंगोली, जालना, मोमिनाबाद, औरंगाबाद इथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या इंग्रजी अंमलाखालच्या फौजेच्या, छावण्या होत्या. घरात 'आजा पलटणीत होता' अशी आठवण असेल तर तो धागा सोडू नका. मुस्लिम घरांसाठी काझीकडचा सियाहा म्हणजे निकाहाची नोंद. जालना भागातल्या ख्रिस्ती घरांनी चर्चची बाप्तिस्मा रजिस्टरं विचारावीत. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेलं बेथेल एकोणिसाव्या शतकातलंच.

आणि सगळ्यांसाठी तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबक, पैठण, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया. ज्या घराचं कोणी अस्थी घेऊन किंवा यात्रेला गेलं असेल त्याची नामावळ तिथे असू शकते, आणि ती गावावरून निघते. गाव विचारत जा, उपाध्याय आपोआप सापडतो. जुन्या गावाचं नाव सांगा, आत्ताच्या शहराचं नव्हे. फोटो काढण्याआधी विचारा, दक्षिणा द्या, आणि उठण्यापूर्वी आपली, लेकरांची, लेकी-सुनांची नावं त्यात घाला. धाराशिव-लातूरकडे अजून कुठेकुठे सुगीनंतर हेळवी बैल घेऊन येतो आणि घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो. त्याला चार पायली ज्वारी देऊन बोळवू नका, बसवून घ्या. बंजारा तांड्यांवर आणि मराठ्यांच्या काही घरांत हेच काम भाट करतात. तोंडी पिढ्यांत क्रम मागेपुढे होतो, पण नावं फारशी हवेतून येत नाहीत.

आता आडनाव

इथवर आल्यावर आडनावाकडे बघा, म्हणजे ते काय सांगतं ते ऐकू येईल. पाटील, देशमुख, कुलकर्णी, चौधरी, इनामदार, पोतदार हे हुद्दे. एकाच गावात मराठा, लिंगायत आणि मुसलमान अशी तीन पाटील घराणी असू शकतात. रक्ताचा संबंध शोधू नका. नांदेडकडे -वार येतं, ते तेलुगूतल्या 'वारु' या आदरार्थी शब्दाशी जोडतात. मुखेड, बिलोली, नायगाव भागात -वाड ऐकू येतं. निलंगा, उदगीर, उमरग्याकडे कानडीचा शेजार आहे, स्वामी आणि मठपती ही जंगमांची नावं तिथली. पांचाळ म्हटलं की कारागीर.

सगळ्यात फसवं -कर. आमचं आडनाव तसलंच. ते कागदावर पहिल्यांदा येतं माझ्या आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात, मास्तरांच्या वळणदार अक्षरात. त्याच्या वीस वर्षांनंतरच्या खासऱ्यातसुद्धा आजोबा बिनआडनावाचेच आहेत. मास्तरांनी विचारलं असेल, "कोणत्या गावचे रे तुम्ही?" पोराने घरात ऐकलेलं गाव सांगितलं असेल, आणि मास्तरांनी त्याला 'कर' जोडला असेल.

त्या गावाला मी गेलो. गंगेच्या पल्याड आहे, आजीने सांगितलं तसं. आमच्या आडनावाचं तिथे एकही घर नाही. पारावरच्या म्हाताऱ्याला हे नवल म्हणून सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "गावात राहून गावाचं आडनाव कोण लावील? ते गेलेल्याचं असतंय." मग मी देवक सांगितलं, माळेगावचा खंडोबा सांगितला, चार भावांची नावं सांगितली. त्याने काठीने मारुतीच्या देवळामागचा वाडा दाखवला. तिथले लोक वेगळंच आडनाव लावतात. त्यांच्या घरात आठवण आहे की इकारी सालात चारातले दोघं भाऊ बैलं घेऊन खाली गेले, ते परत आले नाहीत.